आपाला अम्मी नको, वली करा



शाळा उघडून दोन आठवडे झाले होते. मधल्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. मी नोकरीला लागले तेव्हाच्या पहिल्या तुकडीतली. आता ती २८ वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी तिचा निकाह झाला. तिचा धाकटा भाऊ आमच्याच शाळेत सातवीत आहे, १२ वर्षांचा. चार वर्षांपूर्वी त्यांचे अब्बा गेले आणि गेल्या रमजानच्या आधी अम्मीही अल्लाहला प्याऱ्या झाल्या. तेव्हापासून भाऊ तिच्याकडे राहतो. त्याचा डबा, गणवेश, ताप-खोकला सगळं तीच बघते. पालकसभेलाही तीच येते.

तिने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद काढला. पाचशे रुपयांचा स्टँप पेपर, वर ठळक अक्षरांत ‘दत्तकपत्र’, खाली नोटरीचा गोल शिक्का. तिने आणि तिच्या शौहरने भावाला मूल म्हणून दत्तक घेतलं आहे, असा मजकूर. कचेरीबाहेर बसणाऱ्या एका टायपिस्टने तासाभरात करून दिला होता.

“टीचर, आता शाळेच्या रजिस्टरला अब्बांच्या जागी ह्यांचं नाव लावाल ना? हे राजी आहेत. त्याला कुणी यतीम म्हटलेलं मला सहन होत नाही.”

खरं सांगते, क्षणभर मला काही बोलता येईना. तिचा शौहर भला माणूस आहे. आजकाल मेव्हण्याला घरात ठेवून घेणारे किती निघतात? आणि ही मुलगी, जिची स्वतःची गोद अजून भरायची आहे, ती बारा वर्षांच्या मुलाची आई व्हायला निघाली होती. पण कागद मी हातात घेतला नाही. तिला बसवलं, चहा मागवला आणि हे दत्तकाचं डोक्यात कुणी घातलं ते विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. अब्बा एका कारखान्यात कायम कामगार होते, त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन अम्मीला मिळायची. अम्मी गेल्यावर ती बंद झाली. मुलाच्या नावाने पेन्शन सुरू करायला गेल्यावर ‘पालक कोण, त्याचा कोर्टाचा कागद आणा’ असं सांगितलं गेलं. मुलाचं खातं काढायला एका बँकेत गेली तर तिथेही तोच प्रश्न. त्यातच अब्बांच्या नावाचं दोन खोल्यांचं घर विकायला चाचांनी गिऱ्हाईक आणलं. ‘तू बहीण, त्याच्या वतीने सही करून टाक’ असं त्यांचं म्हणणं. मोठा भाऊ आखातात, फोनवर ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ म्हणतो. मोहल्ल्यातल्या कुणीतरी सल्ला दिला की सरळ गोद घे, आई झालीस की तुला कुणी विचारणार नाही.

असा सल्ला देणारे प्रत्येक मोहल्ल्यात असतात, म्हणून या महिन्याचं सदर यावरच लिहायचं ठरवलं. दरवर्षी शाळेत असे दोन-तीन कागद येतात. कुणी नातवाला, कुणी पुतणीला, कुणी सख्ख्या भावाला ‘दत्तक’ घेतलेलं असतं. नेमकी जी गोष्ट त्यांना हवी असते, ती त्या कागदाने मिळत नाही.

आधी दीनची बाजू. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांना मुलासारखं वाढवलं. लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले होते. सूरह अहजाबच्या चौथ्या आणि पाचव्या आयतीत हुकूम आला की मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या वडिलांच्या नावाने हाक मारा, आणि जैद पुन्हा जैद बिन हारिसा झाले. प्रेषितांची त्यांच्यावरची माया त्याने तसूभर कमी झाली नाही. मनाई आहे ती नसब बदलण्याला, म्हणजे मुलाचा बाप कोण हे बदलून सांगण्याला. मूल सांभाळण्याला, त्यावर खर्च करण्याला, त्याला पोटच्या पोरासारखं वाढवण्याला मनाई तर सोडाच, यतीमाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या किती जवळ असेल हे प्रेषितांनी दोन बोटं शेजारी धरून दाखवलं आहे. या सांभाळाला कफालत म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातही मुलाच्या पर्यायी सांभाळाच्या प्रकारांत दत्तकाबरोबर इस्लामी कफालतीचा नावानिशी उल्लेख आहे. आपल्याकडे काहीतरी कमी आहे असं समजून लाजण्याचं कारण नाही.

मी तिला विचारलं, “तू त्याची अम्मी झालीस तर तुझे अब्बा त्याचे कोण?”

ती गप्प झाली. नाना झाले असते. सख्खा बाप कागदावर नाना.

“पण टीचर, कायद्याने तर मुसलमानांनाही दत्तक घेता येतं ना?”

येतं, हे बरोबर आहे. बाल न्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं. हा मार्ग ज्याला हवा त्याच्यासाठी आहे, सक्ती कुणावर नाही. आपले उलमा या मार्गाबद्दल काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. पण तो वाद बाजूला ठेवला तरी बहिणीला आपल्या भावासाठी हा दरवाजा जवळजवळ बंदच आहे, आणि हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

२०१५च्या बाल न्याय कायद्यात नातेवाइकाने नातेवाइकाचं मूल दत्तक घ्यायची सोय आहे. पण नातेवाईक म्हणजे कोण याची व्याख्या त्याच कायद्यात दिली आहे. चाचा, फुफी, मामू, खाला, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. भाऊ आणि बहीण त्या यादीत नाहीत. मी ते कलम दोनदा वाचलं, कारण माझाही विश्वास बसेना. नातेवाईक म्हणून नाही तर परका म्हणून अर्ज करावा म्हटलं, तर मूल आणि दत्तक घेणारा यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. इथे अंतर आहे १६ वर्षांचं. शिवाय या कायद्याने दत्तकाचा हुकूम झाला की जन्मदात्या घराशी मुलाचं कायदेशीर नातं तुटतं. आखातातला सख्खा भाऊ कायद्याच्या नजरेत त्याचा मामू झाला असता. आणि हा हुकूम २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात, सगळ्या चौकशीनंतर. नोटरीच्या शिक्क्याने दत्तक होत नाही. हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही. तेव्हा ते पाचशे रुपये गेले असं समज, म्हणाले मी तिला. ती कसनुसं हसली.

मग तिच्याकडे आज काय आहे? भावाचा ताबा आहे. भाऊ तिच्या घरात झोपतो, तिच्या हातचं खातो. याला फिक्हमध्ये हिजानत म्हणतात. लहान मुलाच्या हिजानतीच्या क्रमात आईनंतर नानी, दादी आणि त्यांच्यानंतर सख्खी बहीण येते, चाचाच्या कितीतरी आधी. आपल्याकडे बहुतेक घरं हनफी आहेत, त्यांच्यात मुलाची हिजानत साधारण सात वर्षांपर्यंत धरतात. कोकणातल्या शाफई घरांत सात वर्षांनंतर मुलाला कुणाकडे राहायचं ते विचारण्याला महत्त्व आहे. बाई परक्या माणसाशी निकाह करते तेव्हा तिची हिजानत जाते, असंही फुकहांनी लिहून ठेवलं आहे. कारण सरळ आहे, मूल परक्याच्या दारात दुर्लक्षित राहू नये. चाचांनी तेवढं एकच वाक्य कुठूनतरी ऐकलं होतं आणि ते तिला दर आठवड्याला ऐकवत होते. जिथे मेव्हणा स्वतः मुलाची बाजू घेतो, तिथे या नियमामागची काळजी कुणाकडून आहे हे उघड दिसतं. माझं हे मत आहे, फतवा नव्हे.

पण हिजानत म्हणजे विलायत नव्हे, आणि घोळ इथे होतो. सांभाळणं वेगळं, मुलाच्या वतीने निर्णय घेणं वेगळं आणि त्याच्या मालमत्तेवर सही करणं तर आणखीनच वेगळं. मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा वली आधी बाप, मग बापाने मृत्युपत्राने नेमलेला माणूस, मग दादा, मग दादाने नेमलेला माणूस. इथे माझ्यातली मराठीची शिक्षिका मध्ये बोलते. आपल्यापैकी अनेक घरांत मोठ्या भावालाही शेजारच्या मराठी मुलांसारखं ‘दादा’ म्हणतात. कायद्यातला दादा म्हणजे तो भाऊ नव्हे, अब्बांचे अब्बा. भाऊ कितीही थोरला असला, त्याने घर कितीही चालवलं असलं, तरी मालमत्तेच्या वलींच्या यादीत तो नाही. बहीण नाही. चाचा नाही. आईसुद्धा नाही, हे ऐकून पुष्कळ भगिनींना धक्का बसेल. वरच्या चौघांपैकी कुणी नसेल तर एकच उरतो, न्यायालयाने नेमलेला पालक.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मोहम्मद अमीन विरुद्ध वकील अहमद हा खटला आला होता. एका मुस्लिम घराण्यात मालमत्तेवरून वाद झाला आणि तडजोडनामा लिहिला गेला. घरातल्या अज्ञान मुलाच्या वतीने त्याच्या भावाने सही केली. तडजोड मुलाच्या भल्याचीच होती, असंही सांगण्यात आलं. न्यायालयाने म्हटलं की भाऊ हा कायदेशीर वली नाही, त्यामुळे मुलाच्या वतीने झालेला व्यवहार मुळातच रद्दबातल. भल्याचा होता की बुऱ्याचा, हा प्रश्नच उरत नाही. त्याच्याही आधी, १९१८ मध्ये, इमामबंदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने आईने केलेल्या विक्रीबद्दल हेच सांगितलं होतं.

खेड्यात जमीन असणाऱ्यांसाठी एक सांगते. सातबारावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहून मोठ्या भावाचं किंवा आईचं नाव लावलेलं असतं. अज्ञान पालनकर्ता. लोकांना वाटतं, तलाठ्याने लिहिलं म्हणजे अधिकार मिळाला. ती नोंद आहे, नेमणूक नाही.

आता चाचांच्या गिऱ्हाइकाकडे येऊ. मी तिला वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून दाखवला. दादा-दादी, नाना-नानी यांपैकी कुणी हयात नाही. वारस दोन भाऊ आणि एक बहीण. अब्बांच्या वेळी अम्मीला जो आठवा हिस्सा आला होता, तोही शेवटी याच तिघांत वाटला गेला. मुलाला दोन, मुलीला एक या हिशोबाने घराचे पाच भाग होतात. मोठ्या भावाचे दोन, धाकट्याचे दोन, तिचा एक. चाचांचा शून्य. जो मुलगा सातवीच्या बाकावर बसून मधल्या सुट्टीत गोट्या खेळतो, तो त्या घराचा दोन पंचमांश मालक आहे, त्याला सांभाळणाऱ्या बहिणीच्या दुप्पट.

तिने पान बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे मी सही केली असती तर?”

व्यवहार त्याच्यापुरता रद्द झाला असता. घेणाऱ्याने पैसे दिलेले, घर पाडून नवं बांधलेलं, आणि मुलगा मोठा झाल्यावर आपला हिस्सा मागतोय. कुणावर? ज्या आपाने त्याला वाढवलं तिच्यावर. यतीमाच्या मालाबद्दल सूरह निसाच्या सुरुवातीच्या आयतींत जी सक्त ताकीद आहे, ती आपण वाजमध्ये ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर एखादा दुष्ट चाचा आणतो. प्रत्यक्षात यतीमाचा माल बहुतेक वेळा चांगल्या माणसांच्या हातून, घाईत, कागद न वाचता जातो.

तिला हवा तो मार्ग जुना आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा. इंग्रजांच्या काळचा असला तरी आपल्यासाठी तो सोयीचा आहे, कारण त्यात मुलाचं नाव, बाप, नसब, वारसा यातलं काहीही बदलत नाही. बहीण बहीणच राहते. न्यायालय फक्त एवढंच म्हणतं की हा मुलगा १८ वर्षांचा होईपर्यंत त्याची जबाबदारी आणि सही हिची. मुलाच्या शरीराचं पालकत्व म्हणजे राहणं, शिक्षण, औषधपाणी. मालमत्तेचं पालकत्व वेगळं मागावं लागतं, आणि एकाच अर्जात दोन्ही मागता येतात. मालमत्तेचा पालक झाल्यावरही ती घर परस्पर विकू शकत नाही. विकणं, गहाण टाकणं, बक्षीस देणं, पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देणं, प्रत्येकासाठी आधी न्यायालयाची परवानगी लागते. ती परवानगीसुद्धा मुलाची गरज किंवा उघड फायदा असेल तरच मिळते. तिला सुरुवातीला हे जाचक वाटलं. मी म्हणाले, बेटा, हीच तर तुझी ढाल. चाचा पुन्हा आले की सांग, माझ्या हातात नाही, कोर्टाच्या हातात आहे.

अर्ज कुठे करायचा? मूल जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात. कुटुंब न्यायालय असलेल्या शहरात व्यक्तीच्या पालकत्वाचे अर्ज तिथे चालतात. मालमत्ताही असेल तर नेमका कुठे दाखल करायचा ते वकिलाला आधी विचारा, नाहीतर उगाच हेलपाटे होतात. अर्जात मुलाचं नाव, धर्म, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, मालमत्ता काय आणि कुठे, जवळचे नातेवाईक कोण आणि त्यांचे पत्ते, हे सगळं द्यावं लागतं. पालक व्हायला तयार असलेल्याचं संमतीपत्र लागतं, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. अम्मी-अब्बांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशन कार्ड, आधार हे तर आलंच. नातेवाइकांना नोटीस निघते. चाचांनाही निघेल, घाबरायचं नाही. त्यांना काही म्हणायचं असेल तर ते न्यायाधीशांपुढे म्हणतील, अंगणात उभं राहून नाही.

मोठ्या भावाचं काय, हा प्रश्न मीच काढला. बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत फिक्हच्या क्रमाने बाप आणि दादा यांच्यानंतर सख्खा थोरला भाऊ येतो, बहिणीच्या आधी. न्यायालय मुलाच्या स्वतःच्या कायद्याकडे बघतं, पण सगळ्यात वर मुलाचं हित धरतं. वय, धर्म, नात्याची जवळीक, पालक होणाऱ्याची चालचलणूक आणि कुवत, आणि मुलाला समजण्याइतकी अक्कल असेल तर त्याची स्वतःची मर्जीसुद्धा. बारा वर्षांच्या मुलाला न्यायाधीश जवळ बोलावून विचारू शकतात. भाऊ दोन वर्षांतून एकदा येतो. मी स्पष्ट सांगितलं की पैसा पाठवणाऱ्यापेक्षा मुलासोबत राहणाऱ्याचं नाव पालक म्हणून असावं. पेन्शनचा कागद, शाळेची सहल, एखादं ऑपरेशन, यांतल्या कशासाठीही आखातातून सही वेळेवर येत नाही. भावाने लेखी संमती दिली की काम सोपं होतं. आपल्याकडे अशा वेळी भावाचा मान जातो असं काही लोकांना वाटतं. तिच्या भावाला तसं वाटलं नाही, उलट सुटका झाल्यासारखा बोलला, असं ती सांगत होती. त्याचा आवाज बारीक झाला होता म्हणे.

वकिलाच्या फीची धास्ती सगळ्यांनाच असते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अर्ज साधा आहे. हे माहीत नसल्यामुळे आपल्या कितीतरी भगिनी दागिना मोडून टायपिस्टला पैसे देतात.

पेन्शनची गोष्टही सांगून टाकते. प्रॉव्हिडंट फंडाच्या १९९५च्या पेन्शन योजनेत आई-वडील दोघंही नसलेल्या मुलाला अनाथ पेन्शन असते, ती २५ वर्षांच्या वयापर्यंत चालते. मूल अज्ञान असेल तर नेमलेल्या पालकाचा कागद लागणारच, त्यात कारकुनाचा दोष नाही. याखेरीज राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, हल्ली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आहे. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलांना त्यातून दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा, हुकूम बालकल्याण समिती काढते. मात्र समितीचा हुकूम मिळाला म्हणजे न्यायालयाचं पालकत्व मिळालं असं समजू नका. आमच्या ओळखीत एकाने तो कागद घेऊन घर विकायचा प्रयत्न केला होता.

आता माझ्या शाळेच्या टेबलाची बाजू. जनरल रजिस्टरमधलं नाव मुख्याध्यापकांच्या मर्जीने बदलत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आणि बदलावंच कशाला? तिचं घराणं बागवान, म्हणजे ओबीसी. मुलाला पुढे जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र काढायचं तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तो अब्बांच्या, दादांच्या दाखल्यावरून जोडत यावं लागतं. बापाच्या जागी मेव्हण्याचं नाव आलं की ती साखळी तिथेच तुटते. बारावीनंतर प्रवेशाच्या रांगेत उभं राहिल्यावर हे कळतं, आणि तेव्हा ज्याने ‘गोद घे’ म्हटलं तो फोन उचलत नाही. मरहूम अब्बांचं नाव मुलाच्या नावापुढे राहणं हा दीनचाही तकाजा आहे आणि फीच्या सवलतीचाही.

एक नाजूक गोष्ट राहिली, ती भगिनी एकमेकींत बोलतात पण छापत नाहीत. बहीण भावाला कायमची महरम आहे, तिथे प्रश्न नाही. पण उलट घर बघा. थोरल्या भावाच्या घरी धाकटा दीर वाढतो, भाभी त्याला आईसारखं करते. किंवा बहिणीच्या घरी धाकटी बहीण वाढते, तिथे जिजा असतो. दीर मोठा झाला, मुलगी मोठी झाली की भाभी आणि जिजा महरम नाहीत. ‘अम्मी’, ‘अब्बा’ अशी हाक मारल्याने ते बदलत नाही, दत्तकपत्रानेही नाही. दोन खोल्यांच्या घरात झोपायची जागा, दरवाजा, कपडे बदलायचा आडोसा याचा विचार मूल दहा-अकराचं असतानाच करावा, म्हणजे पुढे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. आईचं दूध सुटलेलं नाही अशा तान्ह्या दीराला भाभीने दूध पाजलं, तर रजाअतीचं नातं होतं. त्याचे नियम बारीक आहेत, ते आपल्या मुफ्तींना विचारावेत.

शेवटी तिच्या शौहरने विचारलं होतं की आमच्या पश्चात त्याला आमच्याकडून काहीच मिळणार नाही का? मिळू शकतं, आणि त्यासाठी बाप व्हावं लागत नाही. मेव्हणा त्यांचा वारस नाही, म्हणून एक तृतीयांशापर्यंत वसीयत ते करू शकतात. हयातीतच द्यायचं असेल तर हिबा आहे, पण हिबा नुसता लिहून होत नाही, ताबा द्यावा लागतो. बहिणीची गोष्ट थोडी वेगळी. तिला पुढे मुलगा झाला तर भाऊ तिचा वारस राहणार नाही, मग त्याच्यासाठी वसीयत चालेल. मुलगा नसेल तर तो स्वतःच वारस ठरतो आणि वारसाला केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. म्हणून तिने वसीयत लिहायची घाई करू नये असं मला वाटतं. आधी पालकत्वाचा अर्ज.

तो अर्ज गेल्या आठवड्यात दाखल झाला. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकील बाई तरुण आहेत, बोलायला फटकळ आहेत, मला आवडल्या. मोठ्या भावाने तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन संमतीपत्र साक्षांकित करून पाठवलं. चाचा दोन आठवडे फिरकले नाहीत, मग मुलासाठी आंब्याची पेटी घेऊन आले, घराचा विषय काढला नाही. शाळेच्या नव्या माहिती-फॉर्मवर ‘पालकाचे नाव’ या रकान्यात तिने आपलं नाव लिहिलं. ‘नाते’ या रकान्याशी थोडी थांबली, मग ‘बहीण’ लिहिलं. तारखेच्या दिवशी मुलाला सोबत न्यायचं आहे, आणि त्याच दिवशी त्याची गणिताची घटक चाचणी आहे. चाचणी बुडणार म्हणून तो खूश आहे. मी ती सोमवारी घेणार आहे हे त्याला अजून सांगितलेलं नाही.